तोंडवळकर आप्पांचं प्रेझेंटेशन

मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी मोरजकर चाळीची ठाम समजूत होती. ती कशी झाली ते मला माहीत नाही. मी ती दूर करायचा कधी प्रयत्न केला नाही, एवढं मात्र खरं. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. महिन्याच्या मीटिंगसाठी स्लाइड बनवतो. साहेब त्या पाहत नाहीत आणि बाकीचे साहेबांकडे पाहत बसतात. चाळीत मात्र कुणाचा फोन अडकला, कुणाच्या टीव्हीवर निळा पडदा आला, की 'दिपूला बोलवा' असं व्हायचं. मी जायचो, मशीन बंद करून परत चालू करायचो आणि चहा पिऊन यायचो. एवढ्या एका विद्येवर मी लालबागमध्ये बरीच वर्षं विद्वान म्हणून काढली.

माझं बिंग फुटलं ते तोंडवळकर आप्पांमुळे. फोडायचा त्यांचा हेतू अजिबात नव्हता.

आप्पा आमच्या शेजारच्या खोलीतले. उंच, वाळके, सदैव पांढरा बुशशर्ट. उमेदीची वर्षं गिरणीत कापड तपासण्याच्या खात्यात गेली. गिरणी बंद पडल्यावर दादरला एका साडीच्या दुकानात गादीवर बसले आणि गुडघे नको म्हणेपर्यंत बसले. म्हणजे जन्मभर माणूस लोकांचं कापडच पाहत आला. त्यामुळे तुमच्याशी बोलताना त्यांचे डोळे तुमच्या तोंडावर नसायचे, शर्टावर असायचे. कुठे सुटलेला दोरा दिसला की बोलता बोलता हात पुढे यायचा, दोरा तुटायचा, त्याची बारीक गोळी व्हायची आणि ती आप्पांच्या खिशात जायची. माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं. मंगलाष्टकं चालू असताना त्यांना काठाला एक दोरा दिसला. तो त्यांनी हलकेच ओढला. शेवटच्या 'सावधान'पर्यंत अंतरपाटाचा काठ निम्मा उसवला होता आणि भटजी मुलीपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होते. आप्पा म्हणाले, "शिलाई कच्ची होती. आत्ता कळलं ते बरं झालं."

साडीच्या दुकानाने त्यांना एक तत्त्वज्ञान दिलं होतं. "नको म्हणणाऱ्याने अजून नीट बघितलेलं नसतं," असं ते म्हणायचे. समोरची बाई नको म्हणाली की वाद घालायचा नाही, आणखी एक घडी उघडायची. पोरगी दाखवण्यापासून पंख्याच्या खरेदीपर्यंत सगळीकडे ते हेच लावायचे. त्यात त्यांना यश फार आलं असं नाही, पण भांडण मात्र कधी झालं नाही.

तर चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरत आलं, तेव्हाची ही गोष्ट. बिल्डरच्या माणसांनी एका रविवारी आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात पोहण्याचा तलाव होता, बाग होती आणि आमच्यापैकी कुणासारखीच न दिसणारी माणसं हातात हात घालून पळत होती. शेवटी ते म्हणाले, फ्लॅट चिठ्ठ्या टाकून मिळतील. ज्याच्या नशिबी जो मजला येईल तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. उंचावरचा फ्लॅट लागला तर वरळीचा समुद्र दिसेल, असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि त्या क्षणापासून माझी बायको स्मिता मनाने बाल्कनीत राहायला गेली होती. मीही तिच्या मागोमाग गेलो होतो.

त्याच संध्याकाळी आप्पा दारात आले. "दिपू, पडद्यावरची चित्रं लांबून सरकवायची वस्तू तुझ्याकडे आहे म्हणे?"

"आहे. का?"

"मला पण दाखवायचंय लोकांना. चिठ्ठ्या नकोत. आज जो ज्याचा शेजारी आहे, तो तिथेही त्याचाच शेजारी असला पाहिजे. मजला कुठलाही मिळो."

त्यांना हे का हवं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण सगळ्या चाळीला ते माहीत होतं. काकींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, विसरायला होऊ लागलं होतं. सुरुवातीला आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग गॅलरीत कपडे काढायला गेल्या की परत येताना आपलं दार कुठलं ते सापडेना. पण चाळीत दारं दिवसभर उघडी. काकी कुठल्याही दारात शिरल्या तरी त्यांना चहा मिळायचा, आणि कुणीतरी गप्पा मारत मारत त्यांना घरी पोचवायचं. आमच्याकडे तर त्या हक्काने बसून भाजी निवडायच्या आणि स्मिताला सून समजून रागवायच्या. स्मिताने कधी दुरुस्त केलं नाही. आप्पांची एकुलती मुलगी बडोद्याला. ती बोलवायची, पण तिथे काकींना कुणीच ओळखीचं नव्हतं.

मी आप्पांना म्हटलं, "पण आप्पा, चिठ्ठीत आपल्याला वरचा मजला लागला तर? समुद्र दिसेल."

"तू तुझं मत तुझ्याकडे ठेव. वस्तू दे," ते म्हणाले.

ती वस्तू म्हणजे प्रेझेंटेशनचा बिनवायरचा रिमोट. मुठीत मावेल एवढा, वरच्या अंगाला काडेपेटीएवढा टचपॅड. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, टिचकी मारली की उघडतं, आणि खालच्या दोन बटणांनी स्लाइड पुढेमागे होतात. साहेबांवर छाप पडावी म्हणून मी तो ऑनलाइन मागवला होता. छाप पडली नाही, कारण तो चालूच झाला नव्हता. लॅपटॉपला लावायची त्याची चिमुकली पिन खोक्यात नाही, अशी कडक तक्रारही मी कंपनीला केली होती आणि ते लोक माफी मागत होते.

हे आप्पांना न सांगता मी लॅपटॉप उघडून बसलो. दोन बटणं एकदम दाबून धरली. मग एक सोडून दुसरं दाबलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. आप्पा समोर बसून रिमोटकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, तंत्रज्ञानाने थक्क झालेत. त्यांनी हात पुढे केला. रिमोटच्या मागून प्लास्टिकची एक पट्टी जराशी बाहेर लोंबत होती, तिच्यावर त्यांची केव्हापासून नजर होती. त्यांनी ती खस्सकन ओढली. पट्टी आली, मागचं झाकण निघालं, आतून ती चिमुकली पिन जमिनीवर पडली आणि रिमोटचा हिरवा दिवा लागला. बॅटरी सुरू होण्यासाठी ती पट्टी काढायचीच असते, आणि पिन झाकणाच्या आतच ठेवलेली असते, हे मला त्या दिवशी समजलं. आप्पांना काहीच समजलं नव्हतं. ते ओशाळून म्हणाले, "सॉरी रे. मोडलं का? लोंबत होतं, राहवलं नाही." मी म्हटलं, "नाही, आता तेच करणार होतो."

मग त्यांची शिकवणी सुरू झाली. टचपॅडला आप्पांचं बोटच कळेना. कापड चाचपून चाचपून त्यांच्या बोटांची कातडी कोरडी ठणठणीत झाली होती. मी बाणाचा वेग वाढवला, कमी केला, बोट कसं टेकवायचं यावर भाषण दिलं. शेवटी आप्पांनी, घड्या उलटताना दुकानात करायचे तसं, बोट जिभेला लावलं आणि पॅडवर टेकवलं. बाण सुळकन धावला. मी म्हटलं, "आप्पा, यंत्राला थुंकी लावू नका." स्वयंपाकघरातून स्मिता म्हणाली, "चाललं ना? मग बोलू नकोस."

स्लाइड आम्ही मिळून केल्या. पहिल्या स्लाइडवर चाळीचा नकाशा, कुठल्या खोलीत कोण. दुसऱ्यावर टॉवर, तीच नावं त्याच क्रमाने, मजल्यावर मजला. आप्पांचा आग्रह होता की प्रत्येक नाव ठळक हवं. "माणूस पहिलं आपलं नाव शोधतो, मग शेजाऱ्याचं," ते म्हणायचे. एवढंच साधं प्रेझेंटेशन. त्यात मी माझ्याकडून एक फिरणारा पृथ्वीचा गोल घातला. आप्पांनी विचारलं, हा कशाला? मी गोल काढला.

मीटिंगच्या आधी कमिटीच्या लोकांना एकदा दाखवावं म्हणून मी त्यांना घरी बोलावलं. सूत्रं अर्थात माझ्याकडे. आप्पा 'आलोच' म्हणून गॅलरीच्या टोकाला गेले होते. मी घसा साफ करून पहिली स्लाइड लावली आणि बोलायला लागलो, तोच ती आपोआप पुढे गेली. मी मागे आणली. ती पुन्हा पुढे गेली, मग झरझर मागे आली, मग बाण पडद्यावर गरगर फिरायला लागला. मी म्हटलं, व्होल्टेज कमी-जास्त होतंय. मग म्हटलं, अपडेट चालू असेल. तिसऱ्या मजल्यावरचे नार्वेकर, ज्यांचा आप्पांच्या कल्पनेला उघड विरोध होता, ते म्हणाले, "भूतबाधा आहे काय रे?" मी म्हटलं, व्हायरस असू शकतो. माझ्या एकमेव विद्येचा आधार घेऊन मी लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी तेच. एवढ्यात आप्पा ओले हात पुसत परत आले आणि त्यांनी बुशशर्टाच्या खिशातून दोऱ्यांच्या गोळ्यांसकट रिमोट बाहेर काढला. "सुरू केलंस? मी म्हटलं, तू थांबशील," ते म्हणाले. त्या वस्तूला पडद्यासमोर असायची गरज नसते, भिंतीपलीकडूनही ती चालते, हे मी त्या दिवशी सगळ्यांबरोबरच शिकलो.

खरी मीटिंग दसऱ्यानंतरच्या रविवारी होती, शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये. आप्पांच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. गिरणीतली जुनी कात्री, दुकानातली मोजायची पट्टी आणि काकींचं शिलाई मशीन, सगळं पाटावर मांडून. त्या वर्षी काकींनी रिमोट पाहिला आणि आप्पांना त्यांच्या मालवणीत विचारलं, "तुमचां हत्यार मां तां? मगे पूजा नको?" आप्पांनी कौतुकाने तोही पाटावर ठेवला. काकींनी त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, फूल वाहिलं. मी तिथेच होतो. नंतर मी तो पुसून, तपासून दिला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण मीटिंगच्या सकाळी काकींना पुन्हा खंडेनवमी आठवली. आप्पा आंघोळीला गेले असताना त्यांनी रिमोट पाटावर घेतला आणि या खेपेला मनासारखी पूजा केली. पाणी शिंपडलं, भिजवलेलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग स्वच्छ नॅपकिनमध्ये गुंडाळून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो उघडून पाहिला नाही. मी पाहायला हवा होता, पण मी तेव्हा हॉलमध्ये प्रोजेक्टरखाली वह्या सारून तो सरळ करण्यात गर्क होतो आणि लोक मला पाहत आहेत याचा आनंद घेत होतो.

हॉल भरला. पहिल्या रांगेत काकी नवी साडी नेसून बसल्या होत्या. आप्पांनी नॅपकिन सोडला. टचपॅड लालभडक झाला होता आणि बटणांच्या फटीत तांदूळ बसले होते. मी रुमाल घेऊन धावलो. घासल्यावर कुंकू आणखी आत गेलं आणि माझा शर्ट गुलाबी झाला. आता त्या ओल्या पॅडला वाटायला लागलं की आपल्यावर कुणीतरी सतत बोट ठेवलंय. पडद्यावरचा बाण वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला, आपोआप टिचक्या मारायला लागला आणि प्रेझेंटेशन बंद पडलं. मागे माझं फोल्डर उघडलं. त्यातून एक फोटो उघडला, भिंतभर मोठा. बाल्कनी, बाल्कनीत वेताचा झोपाळा, समोर निळा समुद्र. फोटोखाली माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, 'आमचं घर, विसावा मजला'. सगळ्या चाळीने ते सावकाश वाचलं. स्मिताने ओढणी तोंडावर घेतली.

काकी मान वर करून बघत होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "घर बरां आसा. कोणाचां तां?"

"आपलां न्हय गो," आप्पा म्हणाले.

लोक हसले. मी लॅपटॉपवर ओणवा होऊन बटणं दाबत होतो आणि काहीही बंद होत नव्हतं. तेवढ्यात नार्वेकर उभे राहिले. "आप्पा, चित्रं राहू देत. सरळ सांगा ना. हे सगळं तुम्ही काकींसाठी चालवलंय."

चाळीत जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती तोंडावर बोलायची नसते, हा आमच्याकडचा कायदा. तो नार्वेकरांनी मोडला होता. मला वाटलं, आता आप्पा खाली बसणार आणि सगळं संपणार.

आप्पांनी रिमोट टेबलावर ठेवला. "होय," ते म्हणाले. "हिच्यासाठीच. दुसऱ्या कुणासाठी करू? मी काही पुढारी नाही. हिला आता घर कळत नाही, नार्वेकर. माणसं कळतात. तीही सगळी नाही, रोज दिसतात तेवढीच. उद्या टॉवरमध्ये सगळी दारं एका रंगाची आणि सगळी बंद. ही बाहेर पडली तर कुठलं दार वाजवील? आणि ज्याने उघडलं त्याने हिला ओळखलं नाही तर? आज मी आहे, मागे धावतो. मी नसलो म्हणजे?" "तुम्हाला उंच हवं असेल तर चिठ्ठ्या टाका. त्या दिपूला पण हवंय, बघितलंत ना? मी कुणावर रागावणार नाही. पण नको म्हणायच्या आधी हिला एकदा नीट बघून घ्या."

लोकांनी बघितलं. काकी त्यावेळी शेजारच्या बाईच्या पदराला लागलेल्या अक्षता काढत होत्या. मी उगाच प्रोजेक्टरची वायर चाचपली.

हात वर करा म्हटल्यावर पहिले हात बायकांचे गेले. नार्वेकरांचा पहिला नव्हता, पण गेला. माझा हात स्मिताने धरून वर केला. नंतर बरेच दिवस मी तिला सांगत होतो की मी करणारच होतो, आणि ती 'हो हो' म्हणत होती.

टॉवर होईपर्यंतची मधली वर्षं आम्ही भाड्याच्या घरांत पांगलो. आप्पा-काकी अँटॉप हिलला गेले. तिथे एकदा भर दुपारी काकी बाहेर पडल्या, जिना चढून वरच्या मजल्यावर गेल्या आणि एकेक बेल वाजवत सुटल्या. कुणी वाईट वागलं नाही. घाबरून दारं लावून घेतली, एवढंच. संध्याकाळी त्या बसस्टॉपवर सापडल्या. आप्पांनी मला फोन केला. मी म्हटलं, मी येतो. ते म्हणाले, "नको. सापडली. पण दुपारपासून हिला कुणी चहा दिला नाही रे." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तो फोन अजून विसरलेलो नाही.

टॉवरमध्ये आम्हाला आठवा मजला आला. समुद्र दिसत नाही. आमच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीतल्या बाईने काय वाळत घातलंय ते दिसतं. पण लिफ्टमधून बाहेर आलं की दारांचा क्रम चाळीतलाच आहे. पहिल्याच आठवड्यात आप्पांनी प्रत्येक दार वाजवून सांगितलं, संध्याकाळी तासभर तरी उघडं ठेवा. कुणी एसीची सबब सांगितली, कुणी डासांची. आप्पांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवलं. दारं उघडी राहायला लागली.

गेल्या वर्षी आप्पा गेले. सकाळी चहाचा कप ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. मुलगी काकींना न्यायला आली होती. आठवडाभर राहिली, संध्याकाळची दारं तिने पाहिली आणि काकींसाठी दिवसरात्रीची एक बाई ठरवून एकटीच परत गेली.

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी. काकी आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. हातात कप होता आणि त्या स्मिताला भात जास्त शिजवल्याबद्दल बोलत होत्या. आप्पा दारात आले. मला वाटलं, न्यायला आलेत, म्हणून मी उठायला लागलो. त्यांनी हातानेच मला 'बस' केलं आणि उंबऱ्याशी उभे राहून काकींकडे बघत राहिले. काकींचं लक्ष गेलं. त्यांनी आप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओळख कुठेच नव्हती. मी आणि स्मिता एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो.

"कोण तुम्ही?" काकींनी विचारलं.

आप्पा म्हणाले, "मी शेजारचो."

"मगे भायर कित्याक उभे?" काकी सोफ्यावर सरकल्या. "येवा. चाय घेवा."

आप्पा चपला काढून आत आले आणि तिच्या शेजारी बसून त्यांनी चहा घेतला.